मेलेल्या नायकाची माफी

पिचित, शुक्रवार

ती. सोमजाईताईंना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे प्रायूनचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, भाऊजींचा दमा आणि बदकं, सगळं ठीक असावं. तुमची बहीण लमाई रागावून तुमच्याकडे का आली ते तिने सांगितलंच असेल. पण तिच्या सांगण्यात मी राक्षस असणार, म्हणून लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, थिएटरात मुकी रिळं फिरतात आणि आम्ही नवराबायको माईकपुढे बसून सगळ्यांचे आवाज काढतो. (नायक, खलनायक आणि म्हैस माझ्याकडे, नायिका व समस्त स्त्रिया तिच्याकडे.) रविवारी दुपारी ती जुनी, सगळ्यांची लाडकी फिल्म होती. गोळी लागलेला नायक भर पावसात नायिकेच्या मांडीवर प्राण सोडतो, त्या प्रसंगासाठी बायका घरून दोन-दोन रुमाल आणतात. मध्यंतरात मालकांनी विचारलं, "लमाईचा आवाज म्हातारा वाटतो का रे?" मी म्हणालो, "किंचित." माईक चालूच होता. सगळ्या थिएटराने ऐकलं. तिनेही.

मग तो प्रसंग आला. पडद्यावर नायिका ढसाढसा रडतेय, आणि लमाई म्हणते, "मरायचंय तर मर मेल्या, पण आधी सांग, कुणाचा आवाज म्हातारा?" मी घाबरून कण्हलो, "चुकलो गं, तोंडातून निघून गेलं!" पुढच्या बाकावरची भाजीवाली ओरडली, "पाय धर तिचे!" ताई, नायकाने डोळे मिटले, त्याच्यावर चादर पडली, तरी मी चादरीखालून माफी मागतच होतो. शेवटी खलनायकाच्या आवाजातही मागून पाहिली. लोक बाकांवर उभे राहून हसले. दिवे लागले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती.

सोमवारी नायिकाही मीच केली. लोकांनी फेकलेली भुईमुगाची टरफलं अजून केसांतून निघताहेत. घरात कुणी बोलत नाही, आणि मला आता माझा एकही आवाज ऐकवत नाही. तिला समजवा.

तुमचा,
प्रायून

ता. क. येत्या रविवारची सगळी तिकिटं खपली. लोकांना तेच भांडण हवंय. तेव्हा समजवा, पण राग पुरता निवू देऊ नका.

ता. क. २. आत्ता आठवलं, तुम्हाला वाचता येत नाही. लमाई, वरची ता. क. ताईंना वाचून दाखवू नकोस.