गावागावाचा भाव

प्रिय नंदू,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला मागच्या रविवारी कळलंच. म्हणून लिहायला बसले. आज माझी दुसरी पाळी आहे, बस यायला अजून वेळ आहे आणि तुझे पप्पा गॅरेजवर गेलेत. हे पाकीट मी स्वतःच पोस्टात टाकणार. त्यांच्या हाती पडलं तर ते सगळ्या बजाजनगरला वाचून दाखवतील.

तुझ्या पहिल्या पगाराची स्लिप घरच्या ग्रुपवर आली, तेव्हाही त्यांनी तेच केलं. गुलमंडीवरून पेढे आणले आणि गल्लीत दारोदार वाटले. ‘पोरगी गोव्याला ऑपरेटर झाली, एकोणतीस हजार पगार हाय!’ एक पेढा मलाही दिला. मी तो तोंडात घातला नाही, डब्यात ठेवला. मग गॅसजवळ उभी राहून तुझी स्लिप दोन बोटांनी मोठी करून पाहिली. आकडा पाहून झाला, पण बोट वरच्या ओळीवर अडलं. हुद्दा : ऑपरेटर. नंदू, मी अठरा वर्षं गोळ्यांच्या कंपनीत आहे. आधी पॅकिंगला होते, नंतर गोळ्या दाबायच्या मशीनवर. मशीन मी चालवते, पण ठेकेदाराचं माणूस म्हणून माझ्या स्लिपवर आजही ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं. पगार साडेअठरा हजार. तूच सांगितलंस की तिथंही तेच मशीन आहे, तसाच कानठळ्या बसवणारा आवाज. लेकीचं चांगलं झालं की आईचा ऊर भरून येतो म्हणतात. माझा जळत होता.

तू लहान असताना कंपनीत घरच्या माणसांना बोलावलं होतं, आठवतं? तू काचेला नाक लावून उभी होतीस. मी आतून हात केला तर तू ओळखलंच नाहीस. टोपी, मास्क, ना टिकली, ना बांगड्या, मंगळसूत्रसुद्धा काढून लॉकरमध्ये ठेवलेलं. आत जाताना सगळ्याच बायकांना हे काढावं लागतं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, ‘मला पण अशीच टोपी घालायचीये.’ मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. तू माझ्यासारखी होऊ नयेस एवढंच तेव्हा मला कळत होतं. तू माझ्याच वाटेनं जाऊन माझ्या पुढं निघशील, हे कुठं ठाऊक होतं?

तुझी स्लिप पाहिल्यापासून तुझं काहीही ऐकलं की मला टोचायला लागलं. तुझ्या कँटीनला अंडं मिळतं, हे ऐकून टोचलं. खोलीच्या दारापर्यंत बस येते, तेही टोचलं. तू कंटाळून ‘आई, पाय दुखतात गं’ म्हणालीस, तेव्हा मनात आलं, दुखू देत, एकोणतीस घेतेस. हे लिहिताना मान खाली जाते, पण आलं होतं खरं. अनवरीभाभीला माझा चेहरा पाहूनच कळलं. चेंज रूममध्ये टोपी घालता घालता ती म्हणाली, ‘अगे, जलनाच है तो सौत से जल. बेटी से कायकू?’ सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. सवत असती तर निदान उघड भांडता तरी आलं असतं.

आणि रविवारी तू फोन केलास. तुमच्या कंपनीत अनुभवी बायका घेणार आहेत, तुझं नाव देऊ का, म्हणालीस. किती हौसेनं विचारलंस! आणि मी काय बोलले? ‘माय लेकीच्या हाताखाली राबंल व्हय? दे की नाव, तुझा डबाबी घासीन.’ आणि फोन ठेवला. तेव्हापासून तू फक्त पप्पांना फोन करतेस. मी भाकरी थापत कान तिकडं ठेवते.

मंगळवारी आमच्या शिफ्टच्या आप्पासाहेबांना मी सरळच विचारलं, साहेब, मशीन तेच, गोळी तीच, मग गोव्याला एवढा पगार आणि इथं एवढा, असं का? ते हसून म्हणाले, ‘बाई, गावागावाचा भाव असतो. कांद्याचं बघा ना, लासलगावला एक भाव, आपल्याकडं दुसरा.’ मी पटकन म्हणून गेले, ‘कांदा तरी भाव बघून बाजार बदलतो, साहेब.’ बायकांनी टाळ्या दिल्या. पण घरी येताना बसमध्ये माझंच वाक्य माझ्या मांडीवर येऊन बसलं. देवगाव रंगारीहून लग्न होऊन इथं आले, ती इथंच थांबले. कुणी दुसरीकडं बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी गेले असते का, कोण जाणे. मला वाटायचं, आपल्याला आता काही नको. ज्याला काही नको, त्याचा जीव असा जळतो का गं?

काल पप्पांना सांगितलं, मला गोव्याला जायचंय. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, ‘जाय की. मला काय भाकरी येत नाय व्हय?’ आणि थापून दाखवली. तव्यावर महाराष्ट्राचा नकाशा झाला, कोकणाकडून करपलेला. आम्ही तोच खाल्ला. नंतर डब्यातला पेढा काढला. कडक झाला होता, पण अर्धा अर्धा करून संपवला.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की माझं नाव दे. जागा गेली नसेल तर अजूनही दे. मी ठेकेदाराकडून येणार नाही, कंपनीच्या कागदावर येईन, आणि हुद्दा ऑपरेटर असला तरच. मुलाखत होईपर्यंत मी तुझी आई आहे हे कुणाला सांगू नकोस. मला तुझ्या ओळखीनं नाही, माझ्या हातच्या कामावर नोकरीला लागायचं आहे. आणि एक गोष्ट साहेबांना आधीच विचारून ठेव. जुन्या माणसाला पगार तुझ्याहून जास्त पाहिजे. एक रुपया जास्त असला तरी चालेल, पण जास्त पाहिजे. नाहीतर तुझ्याजवळ राहून रोज तुझ्या कँटीनचं अंडं खाताना माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

तुझीच,
अजून थोडी जळणारी
आई