चांदण्या पंधरवड्यातला बांबू

बा, आईसाठी रानाच्या कडेला तू झोपडी बांधलीस, ती दिवाळी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मालगुजारांची जमीनदारी नुकतीच गेली होती, धान कापायला आलं होतं, आणि आपल्या कुरखेड्याकडची ती थंडी, सकाळी बांधावरून चाललं की पाय बधिर व्हायचे. आईच्या थुंकीत रक्त दिसलं तसं गावानं सांगितलं, घरात लहान लेकरं आहेत, बाईला वेगळी ठेव. तू कुणाशी भांडला नाहीस. भाऊबीज होताच कुऱ्हाड घेऊन निघालास, आणि मी तुझ्या मागे.

बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा, चांदण्यात तोडला की घुण लागतो, किडा आतून पोखरून पीठ करतो, हे तूच शिकवलं होतंस. दुसऱ्या कुणी तशी चूक केली तर त्याची अक्कल काढायचास. म्हणून मी विचारलं, "बा, चांदन्यात काऊन तोडून राह्यला? घुण लागन ना."

"लागू दे," तू मान वर न करता म्हणालास. "यवढा हिवाळा निघाला तरी झालं."

मी लग्नाला आलेली पोर होते, तू झोपडीबद्दल बोलत नाहीस हे मला कळलं. थंडीनं कुडावर लिंपलेला मातीचा गारा वाळेना. ओल्याच भिंतींत आपण तिला नेऊन निजवलं.

पण ती मेली नाही. तो हिवाळा गेला, पुढचाही गेला. वासे पोखरले, त्यांचं बारीक पीठ तिच्या गोधडीवर, केसांत पडायला लागलं. तू रोज ते झटकायचास, वाशांना टेकू द्यायचास. नवा बांबू मात्र आणला नाहीस, कारण दर थंडीत तुला वाटायचं, हीच शेवटची. याचा मला राग आहे, बा. अजून आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात मी माहेरी आले होते, तिला पेज पाजत होते. गालावरचं पीठ तिनं बोटानं पुसलं, पाहिलं आणि हसली.

"तुया बापाचा अंदाज चुकला," ती म्हणाली. "चांदन्यातला बांबू हाय. पह्यल्यांदा पीठ पडलं तवाच वळखलं म्या. त्याले सांगू नोको."

त्याच आठवड्यात ती गेली. तिला कशाचीच कल्पना नव्हती, बिचारी आशेवर जगली, असं तू मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलास. मी खाली मान घालून ऐकायची. आज राग आला म्हणून लिहायला बसले. पण हे तुला पोचण्याची काही सोय असती, तर मी एक ओळही लिहिली नसती.