दर शुक्रवारचं कच्चं पान

४ जून

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

पोचले. ट्रंक शाबूत आहे, मीही बऱ्यापैकी शाबूत आहे. फोन इथे आल्या आल्या ऑफिसात जमा करून घेतले. रविवारी थोडा वेळ हातात देतात, पण व्हरांड्यात सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. तिकडे बाबा स्पीकर लावणार, म्हणजे दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा माझी सर्दी ऐकणार. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मध्येच कोणी तोंड घालत नाही.

कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं, मग पोरीला जूनमध्येच कशाला बोलावलं, असं बाबा निघताना कुरकुरत होते. त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यांच्यासाठी हा तयारी वर्ग आहे. गणित, लेखन, लायब्ररीत पुस्तक कसं शोधायचं, असं सगळं. पण यात पास झालं तरच पहिल्या वर्षाची जागा पक्की, नाही तर ती दुसऱ्या कोणाला तरी जाणार. प्रिन्सिपॉल हे इतकं गोड हसत सांगत होत्या की मी पण हसले, अर्थ मागून कळला.

खोलीत माझ्याबरोबर एका बसड्रायव्हरची मुलगी आहे. झोपेतही बोलते. माझ्या खुर्चीची गादी कोणीतरी चक्क स्टेपल मारून बसवली आहे. बाबांनी पाहिली तर खुर्चीपेक्षा बसवणाऱ्यालाच उलटा करतील.

लेखनाच्या बाई बऱ्या वाटल्या. तुम्हाला आतून-बाहेरून ठाऊक असलेल्या एका कामाच्या जागेवर निबंध लिहायला सांगितलाय. मी अर्थातच आपलं सोफा-गाद्यांचं दुकान घेतलं. दर शुक्रवारी जेवढं झालं असेल तेवढं, कच्चंच, बाईंना नेऊन द्यायचं आणि शेवटी पक्का निबंध. कच्चं द्यायचं हे काही मला नीटसं कळलेलं नाही.

माझी काळजी करा, पण थोडीच. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
टाचणी


९ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी मोठ्याने वाचलं आणि तुझ्या आईने शिवणयंत्र थांबवून ऐकलं, म्हणजे किती मान मिळाला ते समज. किराणावाला, केस कापणारा, समोरचे निवृत्त हेडमास्तर, सगळे तुझी चौकशी करतात. मी सांगतो, पोरगी पहिली येणार. हेडमास्तरांनी तर तुझा निबंध वाचायला मागितलाय. आपल्या दुकानावर निबंध! मला दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही, एका आरामखुर्चीला उलटं कापड लावून बसलो.

एक गोष्ट मात्र पटली नाही. ते कच्चं पान देण्याची. सोफा उघडला की आत काय निघतं ते तू लहानपणापासून पाहिलंस. कुजका काथ्या, गंजक्या स्प्रिंगा, कुणाच्या पोराने कोंबलेले खडू. गिऱ्हाईकाने ते पाहिलं की त्याचा धीर सुटतो, राहू द्या म्हणतं आणि तसाच सोफा उचलून नेतं. म्हणून आपल्याकडे काम पुरं झाल्याशिवाय कोणाला दाखवत नाहीत. पायरीवर पाऊल वाजलं की तूच धावत जाऊन चादर टाकायचीस. बाई म्हणजे तरी कोण, गिऱ्हाईकच. नीट पुरं कर, मग एकदम समोर ठेव. तोंडात बोट घालतील.

जेवणाकडे लक्ष दे. आमचा जीव तिकडेच आहे हे ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा

ता. क. उलट्या कापडाची खुर्ची मी उसवून परत शिवली. हे ते लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. केसांना तेल लावतेस का? — आई


१७ जून

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र बरोबर शुक्रवारी सकाळी मिळालं. माझं पान लिहून तयार होतं, खाडाखोडीने भरलेलं. तुमचं वाचलं आणि पान वहीत सारलं. बाईंनी विचारलं तेव्हा झालं नाही म्हणून सांगितलं. पुढच्या शुक्रवारी आण म्हणाल्या, रागावल्या नाहीत. बसड्रायव्हरची मुलगी चार ओळी खरडून, त्यावर चहाचा डाग पाडून, तेच नेऊन देते. तिच्या वाटची लाज मलाच वाटते.

गणित जमतंय. सर भराभर पुढे जातात, पण कापड बेतायची सवय असल्यामुळे मापं-क्षेत्रफळं मला आधीच येतात. निबंध चालू आहे. सुरुवात अजून हवी तशी बसत नाही, बसली की पुढचं सरसर होईल.

हेडमास्तरांना एवढ्यात काही कबूल करू नका, एवढं मात्र ऐका. आठवण काढत राहा.

तुमची,
टाचणी


२४ जून

प्रिय आई,

पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट बाबा उघडत नाहीत, म्हणून हे लिहायची हिंमत झाली. हे त्यांना वाचून दाखवू नकोस, तुला माझी शपथ.

आई, माझं काही खरं नाही. मार्क निबंधाला कमी आणि त्या कच्च्या पानांनाच जास्त आहेत. बाईंनी हे पहिल्या दिवशी सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार, किंवा ऐकून खोटं वाटलं असणार. अर्धवट कामाला कोण मार्क देतं? माझ्या नावापुढे आजवर नुसती शून्यं आहेत. काल वर्गात बाई म्हणाल्या की ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांनी महिना संपायच्या आत, असेल ते घेऊन, त्यांना भेटावं. माझं नाव घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होत्या.

माझ्याकडे द्यायला काही नाही असंही नाही. ढीग आहे. पहिलं पान इतक्यांदा फाडलंय की हात आपोआप फाडतो. दुकानावर लिहायला बसते, एक वाक्य ओढते तर त्याच्यामागून दहा निघतात आणि सगळी उघड्यावर पडतात, मला ती आत घालताच येत नाहीत. हे असलं बाईंना दाखवायचं? त्यांच्या खोलीचं दार दुपारभर उघडं असतं. पोरं आत जाऊन आरामात बसतात, हसण्याचे आवाज येतात. मी रोज कोपऱ्यापर्यंत जाते आणि पाणी प्यायला आल्यासारखं करून परत फिरते. इतकं पाणी पिऊन पिऊन आता घसा बसलाय.

घरी पळून यावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडाने येऊ? बाबांनी सगळ्या रस्त्याला सांगून ठेवलंय. मी काय करू ते तूच सांग. मला खरंच कळेनासं झालंय.

तुझीच,
टाचणी


२५ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. थंड पाणी पिऊ नकोस.

इकडे तुझं नाव गाजतंय. हेडमास्तरांनी स्वतःहून सांगितलं की तुझा निबंध ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार. मी हो म्हणून टाकलं, रागावू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याशी गादीच्या भावावर न बोलता दुसऱ्या कशावर तरी बोलतायत. माझी छाती कशी फुलते ते तुझी आई बघते आणि शर्टाची बटणं जपा म्हणते.

सुरुवात बसत नाही लिहिलं होतंस. घाई करू नकोस. उसव, परत शीव, पण मनासारखं झाल्याशिवाय हातातून सोडू नकोस. बाकीची पोरं काय देतात तिकडे बघू नकोस.

तू आमची शान आहेस. असंच चालू दे.

तुझा,
बाबा


२९ जून

माझी टाचणी,

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. वाचलं. यंत्रावर बसले आणि सुईखाली बोट घातलं. ऑफिसात फोन लावला तर कोणी उचलत नाही, आणि दुकानातून जास्त वेळ बोलायची सोय नाही, बाबा समोरच कात्री घेऊन उभे. म्हणून भराभर लिहिते, अक्षर लागलं नाही तरी लावून घे.

आधी एक कर. हे वाचून झालं की उठ, तो ढीग उचल आणि बाईंच्या खोलीत जा. फाडलेलं असेल तर चिकटवून ने. कोपऱ्यावर थांबायचं नाही, आणि पाणी तर अजिबात प्यायचं नाही.

तुझे बाबा सोफ्यातले राजे आहेत, त्यात वाद नाही. पण कॉलेज त्यांनीही पाहिलेलं नाही आणि मीही नाही. ज्यातलं ओ का ठो कळत नाही त्यावर हा माणूस किती ठासून बोलतो! आणि मला एक सांग. काम अडलं, स्प्रिंग बसेना, की ते काय करतात? तो उघडा सोफा, काथ्यासकट, ओढत माझ्या पुढ्यात आणून ठेवतात आणि विचारतात, आता काय करू? चादर गिऱ्हाईकासाठी असते, मला कधी घातली का? अगं वेडे, बाई गिऱ्हाईक नाहीत. बाई म्हणजे तिथली मी.

बाबांना मी काही बोलले नाही. तू शपथ घातलीस, घालायला नको होतीस. हे पोटात ठेवून आज माझं जेवण गेलंय. गेलीस की लगेच कळव. देव करो आणि वेळ गेलेली नसो.

तुझी,
आई


४ जुलै

प्रिय आई,

बाबांचं पत्र सोमवारी आलं. ते वाचून मी परत पहिलं पान नवीन घेतलं. तुझं काल दुपारी आलं. मध्ये महिना संपून गेला.

तुझं वाचलं आणि पायात चपला न घालता धावले. बाई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. मी तो ढीग त्यांच्या टेबलावर ओतला. त्यांनी डबा बंद केला आणि वाचायला लागल्या. आई, त्या घाबरल्या नाहीत. उलट्या कापडाच्या खुर्चीपाशी हसल्या. एके ठिकाणी पेन्सिल टेकवून म्हणाल्या, निबंध इथून सुरू होतो, पहिल्या पानाची गरजच नाही. ज्या पानासाठी मी महिनाभर रडले ते नकोच होतं! मला लगेच दिसलं की बाकीचं कसं लावायचं. तेवढ्या वेळात इतका आनंद झाला की कशासाठी आले तेच विसरले.

मग त्यांनी विचारलं की आधी का नाही आलीस. मी बाबांचं सांगितलं, चादरीचं सांगितलं. बाईंनी मार्कांची वही उघडली. मार्क बुधवारीच प्रिन्सिपॉलांकडे गेले होते. तरी त्या माझा ढीग उचलून ऑफिसात गेल्या. भिंतीपलीकडे त्यांचा आवाज चढलेला ऐकू येत होता. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं.

जागा गेली, आई. गणितात चांगली पास आहे, लेखनात नापास. पुढच्या जूनमध्ये वर्गाला परत बसता येतं, नाव बाईंनीच लिहून घेतलं. पण पुढचा जून कोणी पाहिलाय? पुढच्या शनिवारी खोली रिकामी करायची आहे. माझ्याच्याने घरी येववणार नाही. बसड्रायव्हरच्या मुलीची मावशी एका धुलाईच्या दुकानात असते, तिथे इस्त्रीला माणूस हवंय. तिकडे जाते. बाबांना सांग की पोरीला कॉलेजातच काहीतरी काम मिळालं. हेडमास्तरांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. लोक परत बाबांशी गादीच्या भावावरच बोलायला लागतील, हेच सारखं डोळ्यांसमोर येतं.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

तुझी,
टाचणी


८ जुलै

चि. टाचणीस,
आशीर्वाद, नेहमीसारखेच, एकही कमी नाही.

आईच्या नावाचं पाकीट मी उघडलं. ती सकाळपासून एका ऑफिसात पडद्यांची मापं घ्यायला गेली होती. पाकिटावरचं तुझं अक्षर वाकडंतिकडं होतं, माझ्याने राहवलं नाही. आई आली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलेलो होतो. तिने आधीचं पत्रही काढून दिलं. मग ती मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. बरोबर बोलली.

धुलाईच्या दुकानात इस्त्री? का, आमच्या घराला आग लागली का? पोरीने घरी यायला घाबरावं असं मी काय करून ठेवलंय, याच्यापुढे माझं डोकं चालत नाही. जागा गेली याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तू येणार नाहीस हे वाचलं तेव्हा त्याहून जास्त वाटलं. पुढच्या जूनमध्ये परत बसता येतं ना? मग बसायचं. तोवर रोज एक पान लिहायचं, जसं असेल तसं. मला यातलं काही कळत नाही, पण आईला कळतं असं दिसतंय.

हे पत्र पोस्टात टाकलं तर शनिवार उलटून जाईल आणि तू इस्त्रीवर उभी असशील. म्हणून मीच घेऊन आलोय. समोर आल्यावर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून बसमध्ये लिहिलं. अक्षर हलतंय ते बसमुळे, आणि थोडं माझ्यामुळे.

निघताना हेडमास्तर भेटले, निबंध कुठवर आला विचारलं. मी म्हणालो, पोरगी नापास झाली, तिला आणायला चाललोय. तोंडातून बाहेर येईपर्यंत घाम फुटला. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कुठे निघालात. तिलाही सांगितलं, लेक लेखनात नापास झाली, पुढच्या वर्षी परत बसणार आहे. मग कंडक्टरलाही सांगितलं, त्याने तर विचारलंही नव्हतं.

पत्र वॉचमनकडे देऊन आत पाठवतोय. मी फाटकापाशी उभा आहे. वाचून झालं की ये. रडायचं असेल तर रडून ये. मी कुठे जात नाही.

तुझा,
बाबा