डबल बेल कोणी द्यायची

७ जुलै २००८, कासार आंबोली
सकाळी पुन्हा न्हाणीच्या दारात पाय चिकटले. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. सौ. हात धरून ओढते, माझा तोल जातो, मग दोघं एकमेकांवर खेकसतो. पार्किन्सन झाल्यापासून हे रोजचंच. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा ताम्हिणीच्या वळणांवर, भरल्या गाडीत, काही न धरता तिकिटं फाडायचो. आता स्वतःच्या घरात अडकून पडलोय.

१२ जुलै, शनि.
पौडला शिबिर. आपला आजार आपण कसा सांभाळायचा ते शिकवणार, दर शनिवारी. सगळे थरथरणारे एका खोलीत. चहावाला हुशार, कप अर्धेच भरत होता. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या, तरुण. म्हणाल्या, गोळीचा अंमल असेल तेव्हा कामं उरकून घ्या. पाय अडले तर ओढाओढ नको. थांबा, ठेका धरा, मग पाऊल. ठेका ज्याचा त्यानं शोधायचा. मला ना भजन येतं ना गाणं. कसला डोंबलाचा ठेका!

१५ जुलै
सापडला! स्वयंपाकघराच्या दारात अडलो होतो, तोंडातून आपोआप निघालं, टण टण. डबल बेल. आणि गाडी सुटली की! सौ. पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी.

९ ऑगस्ट
शिबिरात सगळ्यांना टण टण करून दाखवलं. बाई खूश. मग सौ. मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आता मीच म्हन्ते. मी टण टण केलं की ह्ये लगीच चालत्यात." बाई म्हणाल्या, "काकू, मग काकांनी काय केलं?"
घरी आल्यावर स्वतः म्हणून पाहिलं. पाय ढिम्म. तिनंच म्हणावं लागतं आता. म्हणजे कंडक्टर ती, मी नुसता प्रवासी.

२ सप्टें.
मारुंजीहून सुनीताचा, लेकीचा फोन. दिवस भरत आलेत, जावई रात्रपाळीला. आई येईल का? इकडे आणावी तर इथं मलाच सांभाळावं लागतं. सौ. मला न विचारताच म्हणाली, "कशी यिऊ गं? ह्येंना सोडून न्हाई निगता येत." फोन ठेवून भांडी घासत बसली. घासलेलीच.
शरम वाटली. आणि खोटं कशाला लिहू, जात नाही म्हणाली तेव्हा बरंही वाटलं.

११ सप्टें.
बाईंनी सांगितलं तसा सराव. सौ. ओट्यावर, तोंडाला पदर लावून. मी दारात. टण टण. काही नाही. परत. काही नाही. मोठ्यानं ओरडलो. शेजारचं कुत्रं भुंकलं, पाय नाही हलले. शेवटी कधीतरी पडलं पाऊल. अंगभर घाम. "बघ!" म्हटलं तर ही रडत होती. "मला लई वाटलं वो, आपनच टण टण म्हनून टाकावं."
आपण रोज थोडं थोडं करू, म्हणालो.

२१ सप्टें., रवि.
गेली.
मारुंजीला, सुनीताकडे. डबा शेजारून भावजय देणार. रिक्षा आली, ती बसली, निरोप द्यायला उठलो आणि नेमका दारात अडकलो. तिला कळलं तर उतरेल. म्हणून चौकटीला टेकलो, एक हात कमरेवर, ऐटीत.
"उंबऱ्यात काय हुभं ऱ्हायलात? या की हितवर."
"इथनंच बघतो. नीघ, उशीर होतोय."
बघत राहिली थोडा वेळ. मग रिक्षा गेली. त्यानंतर मी किती वेळ तिथंच होतो ते लिहीत नाही. निघालो एकदाचा, माझा मी.
संध्याकाळी सौ.चा फोन. सुनीता बरी आहे. मग आवाज बारीक करून म्हणाली, "सकाळी अडकला हुता न्हवं?"
मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.
"मला दिसत हुतं. तरी बसून ऱ्हायले मी रिक्षात."
राग आला. हातातला फोन आपटावासा वाटला. मग म्हणालो, "बरं केलंस." ते अगदी मनापासून होतं.
किती दिवस राहणार, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.