गुप्तचर खात्याच्या इतिहासातली एक ओळ

४ ऑक्टोबर १९६५, रोम

आमचं लष्करी गुप्तचर खातं बंद झालं! म्हणजे टेबलं तीच, माणसं तीच, नाव नवं. कर्नलसाहेबांनी बोलावलं. "नेल्लो, जुन्या खात्याचा इतिहास तू लिही. तुझं अक्षर बरं आहे." वाचणार कोण, मी विचारलं. "कोणीच नाही. गुप्त आहे."

मला त्यात एकच ओळ हवी आहे. दादाची. ओरेस्ते याच कामात होता, १९४३ च्या सप्टेंबरात, इटलीनं युद्धात शरणागती पत्करली त्या गोंधळात, नाहीसा झाला. ना थडगं, ना कुणाचा निरोप. त्याचं नाव निघालं की आई उठून स्वयंपाकघरात जाते.

११ ऑक्टोबर

पहिलं प्रकरण झालं – लगेच कपाटात कुलूपबंद. दुसऱ्यासाठी ते बघायला मागितलं, तर कारकून जिनाबाई म्हणतात, "तुम्हाला परवानगी नाही." अहो, मीच लिहिलंय. "म्हणूनच तर वर कळवलं, की यांना त्यातलं सगळं माहीत आहे."

१२ ऑक्टोबर

माझ्यावर पाळत आहे. खालच्या कॉफीवाल्या तुल्लिओनं सांगितलं. "दोघं आहेत. त्यातल्या एकाला दूध सोसत नाही."

२० ऑक्टोबर

साहेबांची लाल पेन्सिल! नावं गेली, गावं गेली, तारखा गेल्या. उरलं फक्त पालक संताच्या दिवसाचं जेवण. प्रत्येक पलटणीला असतो तसा आम्हालाही एक संत होता, पण तो गुप्त. पाद्रीबुवा दरवर्षी बिचारे नाव न घेताच प्रार्थना म्हणायचे. "कोकराच्या मटणाबद्दल सविस्तर लिही," साहेब म्हणाले.

आणि ओरेस्तेचं नाव, मी विचारलं. "तेही नको. मेलेल्यालाही ओळखणारे असतात, नेल्लो." माझं डोकंच फिरलं. राजीनामा देतो म्हणालो.

"कुठल्या खात्याचा? ते तर बंद झालं."

३० ऑक्टोबर

मिळाली! जेवणाच्या प्रकरणात साहेबांनी निवडलेल्या वाइनची पानभर तारीफ केली, तेव्हा कुठे सही झाली. "ओरेस्ते सिल्वेस्त्री, बिनतारी यंत्रचालक, कर्तव्य बजावताना मरण पावला." जिन्यात उभा राहून रडलो. मंगळवारी मृतांचा दिवस, तेव्हा आईला वाचून दाखवणार. तिच्या लेखी मी अजून गणवेशांच्या कोठारात कारकून आहे. तेही खरं काय ते सांगून टाकीन.

२ नोव्हेंबर

आईनं ओळ ऐकून घेतली, हात पुसले. माझ्या ऑफिसचं खरं सांगायच्या आतच म्हणाली, "खोड ती ओळ. पळून गेला होता तो. अर्जेंटिनात शेवयांचं दुकान आहे त्याचं. चार मुलं आहेत." मग जरा ओशाळून, "नेल्लोला तेवढं कळू देऊ नकोस म्हणाला होता. तू त्या गुप्त ऑफिसात ना, रे."

मी काका आहे – आणि ऑफिसात कुणाला सांगायची सोय नाही.