बोटभर सैल

भरडखोल,
मंगळवार, दुपार

प्रिय आबा,

आपलं इंजिन गेलेलं नाही! पत्राची सुरुवात तब्येत कशी आहे, जेवतोस का नीट, अशी करायची असते हे मला माहीत आहे. पण शनिवारपासून हे एकच वाक्य माझ्या पोटात उड्या मारतंय, ते तुला सांगितल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. तीन लाख एक्क्याऐंशी हजार किलोमीटर पळालेली, चौदा वर्षं मासळीचं पाणी अंगावर घेतलेली आपली पिकअप जिवंत आहे. हे मी मनाचं सांगत नाही, कानाने ऐकून सांगतेय. तेव्हा विक्रीच्या कागदावर सही करून तू जो धनेशदादाबरोबर पाठवलास, तो मी अजून कोणाच्या हातात दिलेला नाही. भंगारवाला रविवारी सकाळी गाडी ओढून न्यायला येणार आहे. त्याच्या आत तू 'थांब' म्हणायला हवंस, म्हणून हा सगळा खटाटोप.

फोन का नाही केला म्हणशील. आबा, फोनवर तू सगळ्याला "हां, हां" म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस. आणि दादाच्या मोबाइलवर लिहिलं असतं तर आधी त्याने वाचलं असतं, मग तुला कळावं म्हणून एवढ्या मोठ्याने वाचून दाखवलं असतं की अख्ख्या कामोठ्याला आपली गाडी पाठ झाली असती. हे तू एकट्याने वाचायचं आहे. चष्मा लाव, गॅलरीत खुर्ची टाक, आणि मधेच उठू नकोस. मोठं पत्र आहे.

त्या दिवशीचं तू विसरला नाहीस हे मला माहीत आहे, कारण मीही विसरलेले नाही. शिमग्याच्या आधीचा बोर्लीचा बाजार होता. तू इंजिन चालू ठेवून पाट्या उतरवत होतास आणि समोरून चंदर मिस्त्री हात हलवत, ओरडत येत होता. तुला वाटलं तो रामराम करतोय. तूही हसून हात वर केलास. बाजारातली माणसं हसली तेव्हा तुला कळलं की काहीतरी वेगळं आहे. बोनेटमधून नुसती खडखड चालली होती आणि ती तुझ्याशिवाय सगळ्यांना ऐकू येत होती. "धर्माजी, खालचं बेअरिंग गेलंय रे, इंजान बसलं तुझं! किती दिस वाजत असंल, तुला आयकू कसं न्हाय आलं?" चंदर काही वाईट मनाने बोलला नाही, पण ते बोलणं तुझ्या तोंडावर चपराकीसारखं बसलं. मग तू सीटमागून वल्ह्याचा दांडा काढलास, बोनेट उघडून इंजिनाला लावलास, कान टेकवलास. एकदा, दोनदा, तीनदा जागा बदललीस. आणि दांडा माझ्या हातात दिलास. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. कान तपासायला म्हणून दादाकडे गेलास, त्याला आज अडीच महिने झाले.

तो दांडा तसाच सीटमागे होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच गाडीत असा एकेक दांडा असतो. मग तू सांगितलंस की तो आज्याच्या होडीच्या वल्ह्याचा तुकडा. आजा पाण्यात वल्हं सोडून दांड्याला कान लावायचा आणि खाली घोळ माशांचा थवा घुरघुरतोय का ते ऐकून मगच जाळं टाकायचा. वल्हं मोडलं, होडी गेली, तू गाडीवर आलास, पण ऐकायची पद्धत तीच आणलीस. गॅरेजवाले मोठा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावतात, तू वल्हं लावायचास, आणि चंदरसारखा मिस्त्री महिनाभर घोळ घालायचा तिथे तू दोन मिनिटांत बोट ठेवायचास. मला ऐकायला बसवायचास ते आठवतं? "वरचं टिकटिक चालंल, एकसारखं असंल तर. खालचं ठोकं पडलं तर मात्र गाडी जागच्या जागी बंद कर." मी तेव्हा कंटाळायचे. शनिवारी तेच सगळं तोंडपाठ निघालं.

तर शनिवारी झालं असं. आई रोज दोन पाट्या घेऊन दुसऱ्याच्या रिक्षात कोंबून बोर्लीला जाते, गुडघा धरून परत येते आणि मला एका शब्दाने बोलत नाही. त्या दिवशी ती ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती, समोर जुन्या जाळ्याखाली झाकलेली गाडी, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेलेली आहे म्हणतात तर निदान आपण नाडी बघून मग रडू. गाडीची बॅटरी उतरलेली, म्हणून शेजारच्यांच्या होडीवरची मागून आणून जोडली, केस आणि ओढणी घट्ट बांधली. आधी तेल मोजायची पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर! थेंब बोटांत चोळून उन्हात धरला, त्यात कुठे धातूची चकाकी नाही. बेअरिंग झिजलं असतं तर झिजलेलं पितळ कुठेतरी दिसलं असतं ना? मग चावी फिरवली. दोनदा कण्हली आणि तिसऱ्यांदा लागली. तेलाचा लाल दिवा लगेच विझला, पुन्हा लुकलुकलासुद्धा नाही. खडखड मात्र होती तशीच.

मग दांडा घेतला. खाली चेंबरला, जिथे तेल साठतं तिथे लावला. आबा, तिथे नुसती गुणगुण! ठोका नाही, धडधड नाही. वर लावला, तर टॅपेटची टिकटिक, जरा जास्त, पण एकसारखी. आणि मग पुढच्या तोंडाला, पट्टा फिरतो त्या बाजूला, पंख्यापासून हात राखून टेकवला, तर दांड्यातून अशी खडखड आली की माझे दात वाजले. म्हणजे आवाज इंजिनाच्या पोटातला नव्हताच. गाडी बंद केली, डायनामोचा बोल्ट ढिला केला, फॅनबेल्ट काढून बाजूला ठेवला आणि फक्त अर्धा मिनिट पुन्हा चालू केली. आवाज गायब! आपलं जुनं, भरदार, ओळखीचं इंजिन, दुसरं काही नाही. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आई हातात तेलाची वाटी घेऊन धावत आली, "हात तुटला काय गो?" म्हणत. मी तिला मिठी मारली, तर तेल दोघींच्या अंगावर. मग गार झाल्यावर तो पट्टा ज्यांच्यावरून फिरतो ती चाकं एकेक करून हाताने फिरवून बघितली. डायनामोचं मुकाट फिरलं. वॉटरपंपाचं दुधाच्या दातासारखं हललं, आणि पंपाखाली पाणी झिरपल्याचा लाल ओघळ दिसला. पंप, आबा! एवढासा वॉटरपंप. त्याच्यासाठी आपण अख्खी गाडी भंगारात काढत होतो.

रविवारी चंदरला बोलावून आणलं. त्याने पंपाचं चाक हलवलं, पुन्हा हलवलं आणि डोकं खाजवलं. म्हणाला, "म्या त्या दिशी लांबूनच बोल्लो गो. कान लावलाच न्हाय." मी त्याला चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत. नवा पंप तो माणगावहून शुक्रवारपर्यंत आणतोय. जाताना मात्र त्याने एक गोष्ट दाखवली, ती मी तुला दाखवणार आहे. तुझ्या बाजूच्या दाराच्या आत तू रंगाने किलोमीटरचे आकडे लिहीत गेलास ना, प्रत्येक तेल बदलीचे? चंदरने बोट ठेवून ते वरपासून खालपर्यंत वाचले. चौदा वर्षांत एकही पाळी चुकलेली नाही. तेलाचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाला, एवढं पळालेलं इंजिन आतून इतकं स्वच्छ त्याने बघितलेलं नाही. ज्या माणसाने गाडीची अशी सेवा केली तो म्हणतो, माझ्यामुळे इंजिन गेलं. ऐकून मला रागही आला आणि रडूही आलं.

आता माझा बेत ऐक. मासेमारीची बंदी लागायला तीन आठवडे आहेत. पंप आणि पट्टा नवा टाकला की तेवढे दिवस गाडी हळूहळू, बोर्लीपलीकडे न नेता चालवायची, आईच्या पाट्या पोचवायच्या. मग बंदीचे दोन महिने होड्या वर ओढून त्यांची डागडुजी होते, तशीच हिचीही करू या. रेडिएटर धुवायचा आणि त्यात आपल्या विहिरीचं मचूळ पाणी घालणं कायमचं बंद, डब्यातलं हिरवं कूलंटच. पाण्याचे रबरी नळ सगळे नवे, जुने दाबले की कुरकुरतायत. टॅपेट सेट करायचे. इंजिनाखालची रबरं बसलीत, म्हणून गिअर टाकताना धक्का बसतो, ती बदलायची. हौद्याच्या खालचा गंज खरवडून काढायचा, कारण पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पुरी होतील आणि आरटीओच्या पासिंगला तो आधी बघतील. नारळी पौर्णिमेला होड्यांबरोबर हिलाही हार घालू. हे सगळं मी वहीत लिहून काढलंय, आई म्हणते लग्नाची यादीसुद्धा कोणी एवढ्या हौसेने करत नाही.

आता खुर्चीत नीट बस. हे पत्र मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही. रविवारी चंदरने जुना पट्टा बोटांनी चाचपून विचारलं, "ह्यो येवढा कोनी ताणला? आसल्या ताणानं पंपाचं बेअरिंग टिकल काय?" आई माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहिले. आबा, तो मी ताणला. डिसेंबरात सकाळी गाडी लावली की पट्टा चीं चीं करायचा. तुला ते ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटलं, आबाला न सांगता आपणच करून दाखवू. तुझ्याच दांड्याची तरफ लावून डायनामो मागे रेटला आणि बोल्ट आवळला. तू शिकवलं होतंस की अंगठ्याने दाबला तर पट्टा बोटभर खाली गेला पाहिजे. पण माझे हात होडीचे दोर बांधणारे. आपल्याकडे सैल दोर म्हणजे आळशी हात. मी तो नांगराच्या दोरासारखा ताणला, चीं चीं थांबली, आणि मी आठवडाभर मनातल्या मनात फुशारक्या मारल्या. दांड्याच्या टोकाला त्याची खाच अजून आहे. पुढे खडखड सुरू झाली, ती बाजाराच्या आधी चार दिवस मी तुझ्या शेजारी बसून ऐकली. आधी वाटलं, एवढी मोठी खडखड तरी आबाला कळलीच असणार. मग लक्षात आलं की तुला तीही ऐकू येत नाहीये, आणि तेव्हा मी घाबरले, आपलंच काहीतरी चुकलंय म्हणून. भर बाजारात सगळे तुझ्या कानांना बोल लावत होते तेव्हा तो दांडा हातात घेऊन मी शेजारी उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुझ्या कानांनी काही बिघडवलेलं नाही. बिघडवलं ते माझ्या हातांनी, आणि त्याहून माझ्या गप्प बसण्याने. मला माफ कर. हे मी सोमवारी आईला सांगितलं, उद्या बोर्लीला जाऊन चंदरला सांगणार आहे, आणि बाजारात जे जे हसले त्यांनाही सांगेन.

तुझे कान कमी झालेत, ते खरं आहे. ते लपवू नकोस आणि मीही लपवणार नाही. वहिनी म्हणते, कानाचं यंत्र तू कपाटात ठेवलंयस. लावावंसं वाटलं तर लाव, आईचं बोलणं ऐकायचं नसेल तर काढून ठेव. ऐकायचं काम आता मी करेन, दांडा माझ्याशी नीट बोलू लागलाय. विक्रीचा तुझा सहीचा कागद याच पाकिटात घालतेय. गाडी तुझी आहे, तो फाडायचा की परत आणायचा हे तू ठरव. शुक्रवारी चंदर नवा पंप बसवेल, पण नव्या पट्ट्याला मी हात लावणार नाही आणि त्यालाही लावू देणार नाही. तो गाडीवर तसाच टांगून ठेवेन. शनिवारी सकाळच्या एसटीने ये. पट्टा बोटभर सैल ठेवायला तुझा अंगठा हवाय आबा, आणि त्या कामाला कान लागत नाहीत.

तुझीच, चुकलेली आणि वाट बघणारी,
दिशा