मापाला बसलेला

१५ ऑक्टोबर १९५६, सोमवार. चिंचवड

आलो एकदाचा! एक ट्रंक, एक वळकटी आणि ही कोरी वही. काल दसरा झाला, त्यामुळे गॅरेजच्या दारावर झेंडूचं तोरण अजून ताजं आहे, आणि ऐरणीपासून पान्यांपर्यंत सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलेलं. गॅरेज चालवणारे नूरमोहम्मद मिस्त्री खंडेनवमी चुकवत नाहीत. मी जरा नवल केलं तर म्हणाले, हत्यारांना आपली जात कुठं कळते राव, त्यांना तेल कळतं.

कॉलेज सुटल्याचं मला दुःख नाही. फिजिक्सच्या मास्तरांनी भर वर्गात माझ्या फाटक्या बुटांवर टोमणा मारला, मी शाईची दौत फेकून मारली. माफी लिहून दे म्हणाले. नाही दिली. तिथेच इंटर सायन्स संपलं.

पण इंदू? ती पुण्यात मावशीकडे शिकायला होती, आमच्या खोलीसमोरच्या माडीवर. दोन वर्षं आम्ही खिडकीखिडकीतून बोललो. तिच्या वडिलांना, चाकणच्या उद्धवरावांना, सुगावा लागला तेव्हा मी आपण होऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मारतील वाटलं होतं, त्यांनी चहा पाजला. म्हणाले, दौलतराव कंत्राटदार आपले स्नेही. त्यांची एक मोठी लष्करी गाडी चिंचवडला नव्याने बांधायला घातली आहे. तिथे राहा, ती गाडी पुरी करून दाखव. दौलतराव तुला तिच्यावर कायमचा ठेवतील. तुळशीचं लग्न लागलं की तुमचं बोलू.

तुळशीचं लग्न! पुरता महिनासुद्धा नाही.

१८ ऑक्टोबर

गाडी कसली, चाकांवर उभी केलेली तालीम आहे. लढाई संपल्यावर देहूच्या डेपोतल्या लिलावात दौलतरावांनी घेतली. पुढची चाकंसुद्धा जोर मारतात, त्यामुळे भीमाशंकरच्या रानात जिथे बैल बसकण मारतो तिथे ही वर चढते. आता तिची सगळी चाकं काढून तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवलंय. मागे सागवानी सांगाडा, त्यावर पत्रा, आठ माणसांची बैठक असं करायचं आहे.

चार दिवसांत मी इंजिनाचं हेड उतरवून कार्बन खरवडला, व्हॉल्व्ह घासले, मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. मिस्त्री मला "कालेज" म्हणतात. कालेज, पाना दे. कालेज, तो पाना न्हाई, तो चमचा धरल्यासारखा धरू नको. खातूनबी, त्यांची बायको, दुपारी भाकरी आणि लसणाची चटणी पाठवते. मजेत आहे.

एकच गोष्ट. इंजिन सुरू होत नाही. ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, दाब चांगला आहे. हँडल मारून माझे खांदे निखळले. मिस्त्री नुसते विडी ओढत बघतात. म्हणाले, ड्रायव्हरची सीट बसल्याबिगर न्हाई व्हायची ती सुरू. मी हसलो. ते हसले नाहीत.

ड्रायव्हरच्या जागी सीट नाहीच. गाडीच्या तळाच्या पत्र्याला फक्त चार भोकं.

२३ ऑक्टोबर

इथली एक रीत कळली. सीट ठोकण्याआधी जो गाडी चालवणार त्याला खोक्यावर बसवतात, पाय क्लचवर, हात चाकावर, आणि मिस्त्री गुडघा, कोपर, खांदा असं खडूने आखून घेतात. याला मापाला बसणं म्हणतात. सीट मग त्याच माणसाची. पण लष्करी गाडीला मिस्त्री आता माणूस बसवत नाहीत. चिंध्या भरलेलं एक गोणपाट आहे, त्याला बसवतात आणि अंदाजाने आखतात. का म्हणून विचारलं तर म्हणाले, लढाईतून आलेल्या गाडीला माणसाचं माप देऊ नये, ती ते ठेवून घेते.

बरं, मग सीट बसवायची तर बसवा ना गोणपाटाची! तर तेही करत नाहीत. आज-उद्या, आज-उद्या.

२५ ऑक्टोबर

इंदूचं पत्र!! सुरुवातच "लवंगी". हे नाव जगात आम्हा दोघांनाच माहीत. मी लवंगी फटाक्यासारखा, एवढासा आणि लगेच फुटणारा, म्हणून. लिहिते, गाडीवर तूच राहणार तर मापालाही तूच बस, दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस. तू बसलास की माझा जीव भांड्यात पडेल. मला सोडून लांब कुठे जायचं नाही हं, लवंगी.

अकरा वेळा वाचलं.

२६ ऑक्टोबर

मिस्त्रींशी कडाक्याचं भांडण. सकाळी बघतो तर गोणपाट खोक्यावर बसवलेलं आणि मिस्त्री खडू घेऊन उभे. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी जिवंत माणूस इथे उभा असताना चिंध्यांना माप? माझी लायकी गोणपाटाएवढीही नाही का? ते म्हणाले, कालेज, ऐक, तू परका पोर, तुला काय ठावं. परका म्हणाले! मी लाथ मारून गोणपाट खाली पाडलं आणि खोक्यावर जाऊन बसलो. पाय क्लचवर, हात चाकावर. आखा, म्हटलं.

त्यांनी आखलं. गुडघ्याची रेघ त्यांना दोनदा ओढावी लागली. मग खडू फेकला आणि हात धूत राहिले, कितीतरी वेळ.

३० ऑक्टोबर

सीट बसली. चार बोल्ट मीच पिळले. पहिल्या हँडलला इंजिन सुरू! असा आवाज, छातीत घुमणारा. मी नाचलो. दौलतराव खास बघायला आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, वाघ आहेस. मिस्त्री समोर आले नाहीत.

मैलाच्या काट्यावर २४,३१८. लिहून ठेवतो, आता गाडी माझी.

१ नोव्हेंबर

काटा २४,३४०.

चाकं लावलेली नाहीत. गाडी ठोकळ्यांवर आहे. परवापासून इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. बावीस मैल गेले कुठून? मिस्त्रींना विचारलं तर दुपारच्या नमाजाची वेळ झाली म्हणून उठून गेले. कुणीतरी माझी टर उडवतंय. सापडला तर सोडणार नाही.

३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन, काम बंद, तरी काटा २४,३६२. पुन्हा बावीस.

म्हणून आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी गाडीसमोर स्टूल टाकून पहारा ठेवला. लख्ख ऊन. समोर कोंबड्या चरत होत्या. मी डोळा मिटला नाही, शपथेवर सांगतो.

आणि मग मी सीटवर होतो. हात चाकावर. स्टूल समोर रिकामं. तोंडात धूळ, दातांखाली करकरणारी. आणि मला आठवत होतं: भोसरीची शेतं, मोशीला नदी, पुढे चाकण. उद्धवरावांच्या दारातली चिंच. तिथे दोन गडी मांडवाच्या मेढीसाठी खड्डा खणत होते.

बाहेर फाट्यावर मैलाचा दगड आहे. चाकण ११. जायला अकरा, यायला अकरा.

काटा २४,३८४.

मांडव! आमचा असेल का? उद्धवराव मला न सांगता तयारीला लागले असतील. इंदूचाच हट्ट असणार!

७ नोव्हेंबर

रोज दुपारी जातो. आता भीती वाटते, कारण थांबवता येत नाही. जेवताना डावा पाय आपोआप दाबला जातो, जमिनीत क्लच असल्यासारखा. गुडघा सरळ होत नाही, सीटवर बसताना असतो तेवढाच वाकलेला राहतो.

आज चाकणला पायी जायचं ठरवलं, उद्धवरावांना तोंडावर विचारायला. फाट्यावरच्या लिंबापर्यंत पोचलो. पुढचं पाऊल टाकलं आणि पायच नाहीत, असा पडलो. मिस्त्रींनी हातगाडीवर घालून परत आणलं. गाडी दिसू लागली तसे पाय परत आले.

मिस्त्री रडत होते. मी त्यांची गचांडी धरली. उद्या सांगतो म्हणाले.

८ नोव्हेंबर

सांगितलं.

माझ्याआधी गाडीवर हिंदुराव होता, खेडचा. तोही हौसेने मापाला बसला होता, याच मिस्त्रींच्या हातून. तेव्हापासून त्याच्याशिवाय गाडी सुरू होईना आणि गाडीशिवाय त्याला चालता येईना. दोन वर्षं तसाच. दौलतरावांना सोयीचंच झालं, असा ड्रायव्हर पळून जात नाही. मग या श्रावणात गाडी मोठी करायची म्हणून दौलतरावांनी सीट काढायला लावली. मिस्त्रींनी चौथा बोल्ट सोडला तेव्हा हिंदुराव बाहेर सावलीत भाकरी खात होता. जागीच गेला, घास तोंडातच राहिला.

तेव्हापासून गाडी बंद. आसपासचा कुणी मापाला बसेना. गोणपाटाने भागतं का म्हणून मिस्त्री बघत होते. गॅरेजची जागा दौलतरावांची, मला जायला दुसरी जागा न्हाई, कालेज, म्हणाले.

म्हणजे मला इथे—

उद्धवरावांना माहीत होतं. तो चहा!

१५ नोव्हेंबर

काल तुळशीचं लग्न लागलं. आज दौलतराव आले. गाडीला चाकं लागली, पांढरा रंग लागला. दारावर नक्षी. हातात पत्रिका दिली, हसत. बावीस तारीख, चाकण. दौलतरावांचे थोरले चिरंजीव आणि चि. सौ. कां. इंदू. वरात याच गाडीतून. म्हणूनच मोठी करायची होती.

मी म्हटलं, मी चालवणार नाही. ते म्हणाले, चालवशील. सीटला कुणी हात लावला नाही तर पुष्कळ जगशील.

माझ्याच हातांनी व्हॉल्व्ह घासले. माझ्याच हातांनी आठ जणांची बैठक—

इंदूवर जबरदस्ती झाली आहे. तिच्याकडून पत्र लिहवून घेतलं. तिला यातलं काहीच माहीत नाही. असणारच नाही.

१६ नोव्हेंबर

पण लवंगी?

बाकी ओळी बापाने सांगितल्या असतील. "लवंगी" कोण सांगणार?

१८ नोव्हेंबर

खातूनबीला विचारलं. ती चुलीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, आली व्हती ना पोरगी. भादव्यात, बापासंगं. याच बाजेवर बसली, माझ्या हातचा चहा प्याली. लय हसरी पोर.

मिस्त्रींनी तिच्यादेखत सगळं सांगितलं होतं. हिंदुरावाचंसुद्धा. पोराला पाठवू नका म्हणून हात जोडले होते. तिने एकच विचारलं. मापाला बसलेला माणूस गाव सोडून कधी जाऊ शकतो का?

मिस्त्री म्हणाले, न्हाई. गाडी जिथं, तिथंच तो.

मग बरंच की, म्हणाली. दारातच राहील.

२० नोव्हेंबर

दुपारी गेलो. गाडीच नेते. मांडव पुरा झालाय. इंदू ओसरीवर मेंदीचे हात वाळवत बसली होती. माझ्याकडे बघून हसली. मला दिसते म्हणजे तिलाही मी— दिसतो.

हसली. जसं खिडकीतून हसायची, अगदी तसं. तेच हसू.

या साऱ्यांत मला एकदाही खोटं न सांगणारी एकच. ही गाडी.

२१ नोव्हेंबर

पाना उचलला. मिस्त्रींनी पाहिलं. तेलाचा डबा पुढे सरकवला, बोल्ट गंजू नयेत— नाही. लवकर सुटावेत म्हणून.

आज नाही. उद्या. तिच्या दारात.

२२ नोव्हेंबर. चाकण

सीटवर बसून लिहितोय. पेन्सिल. वही चाकावर. गाडीला केळीचे खुंट, झेंडू. सनई. अक्षता पडल्या. मी पाहिल्या नाहीत, ऐकल्या.

पाना मांडीखाली. तीन बोल्ट सुटले. कुणाचं लक्ष नाही, सगळे जेवताहेत.

चौथा राहिला. तो सुटला की गाडी तिच्या दारातून हलणार नाही. कधीच. आणि मी—

चालेल. तिची वरात पायी जाऊ दे.

पाना बसतोय. अर्धा फेरा.

आले. नवरा पलीकडून चढला. मागचं दार उघडलं. बांगड्या. ती माझ्याच मागे बसली, बरोबर माझ्या मागे. मेंदीचा वास.

पाऊण—

खांद्यावर बोट ठेवलं. जिथे खडूची रेघ होती तिथेच. कानाशी हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं. लवंगी, चल ना.

डावा पाय— मी दाबत नाहीये— आपोआप— पाना हातातून—

इंदू, हात काढ, मला अजून एकच फेरा